शिडीच्या दोन सावल्या

अकरा वर्षांपूर्वी मला एक पत्र आले होते. त्यात एकच प्रश्न होता आणि उत्तराला एक शब्द पुरला असता. तो मी लिहिला नाही. पहिला आठवडा विचार करण्यात गेला. पुढच्या महिन्यात वाटले, आता उशीर झालाच आहे, तेव्हा उशिराबद्दल दोन ओळी सुचल्या की लिहू. त्या सुचल्या नाहीत. पत्र फेकून देण्याचेही धाडस झाले नाही. शब्दकोशाच्या ज्या खंडाची मला सहसा गरज पडत नाही त्यात ते ठेवून दिले, आणि पुढे त्या खंडाची गरज पडली तरी मी तो शब्द दुसऱ्या कोशात पाहू लागलो.

पत्र असे होते:

"काका, मी चित्रात काही घातलेलं नाही, काही काढलेलं नाही. आधीचा फोटो गिऱ्हाइकाच्या कामाचा आहे, तो मला दाखवता येणार नाही. सावल्या दोन का पडल्या ते बघायचं असेल तर ऊन असेल त्या दिवशी चारच्या सुमाराला दुकानासमोर येऊन उभे राहा. तुम्ही मला खोटी समजता का? हो किंवा नाही, एवढंच लिहून कळवा."

लिहिणारी बाई म्हणजे आमच्या छायाचित्र मंडळाची फ्रेमवाली. तोंडावर आम्ही तिला ताई म्हणायचो, माघारी फ्रेमवाली. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर तिचे एका दाराचे दुकान होते. प्रत्येक प्रदर्शनाची चित्रे तीच माउंट लावून, काचेआड बसवून द्यायची आणि उद्घाटनाच्या सकाळी स्वतः येऊन भिंतीवर टांगायची. चित्र बोटभर वाकडे असले तरी तिला दारातून कळायचे. एखादे चित्र तिला कसे वाटले, असे आमच्यातल्या कोणी तिला कधी विचारल्याचे मला आठवत नाही.

मी मंडळाचा चिटणीस. हे पद माझ्याकडे आले ते मी फोटो चांगले काढतो म्हणून नव्हे, तर इतिवृत्त लिहायला दुसरे कोणी तयार नव्हते म्हणून. छत्तीस वर्षे एका छापखान्यात मी प्रुफे तपासली. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणाऱ्या माणसाला पुढे पुढे चूक नसलेले पान दिसले की चैन पडत नाही; आपल्याच नजरेतून काहीतरी निसटले असणार, असे वाटत राहते. नोकरी सुटली त्या दिवशी ही खोड मी छापखान्यातल्या टेबलाच्या खणात ठेवून यायला हवी होती.

आमच्या वार्षिक स्पर्धेत एक 'शुद्ध विभाग' असे. कॅमेऱ्याने जे टिपले तेच चित्र. कडा कापायच्या नाहीत, रंग चढवायचे नाहीत, आकाशात ढग आणून बसवायचे नाहीत. खात्री पटावी म्हणून कॅमेऱ्यातली मूळ फाईल जोडावी लागे. एका वर्षी एका बहाद्दराने काय केले, तर संगणकावर हवे तसे चित्र रचले, ते मोठ्या कागदावर छापले आणि त्या कागदाचाच कॅमेऱ्याने फोटो काढला. फाईल अगदी स्वच्छ. त्यावर मी नियम सुचवला की चित्राच्या मागचा आणि पुढचा असे दोन फोटोही द्यायचे. त्या बहाद्दराच्या मागच्या फोटोत भिंतीला टाचण्यांनी लावलेला कागद सरळ दिसत होता. कॅमेरा प्रत्येक फोटोला क्रमांक देतो, त्यामुळे मधला एखादा गाळता येत नाही. या नियमाचे सगळ्यांनी कौतुक केले. माझे कौतुक आयुष्यात फारसे झालेले नाही, म्हणून तो नियम मला जरा जास्तच प्रिय होता.

त्या वर्षी फ्रेमवालीने पहिल्यांदा स्वतःचे एक चित्र शुद्ध विभागात दिले. रस्त्यावरून एक माणूस खांद्यावर लांब शिडी घेऊन चालला आहे. त्याच्या पायांपासून दोन सावल्या निघाल्या आहेत, एक उजवीकडे, गडद. एक डावीकडे, फिकी. दोन्हीकडे शिडीच्या पायऱ्या रस्त्यावर पसरलेल्या, आणि मधोमध तो माणूस, जणू आपण कुठल्या बाजूला चढायचे हे त्याला ठरवता येत नाही. चित्र सुंदर होते. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा लिहिले नाही.

तेव्हा मला एवढेच दिसले की सूर्य एक आणि सावल्या दोन. क्रमांक चारशे बारा. तिने पुढचा, चारशे तेरावा फोटो दिला होता. त्यात तोच माणूस लांब गेलेला, पाठमोरा, आणि त्याला एकच सावली. मागचा, चारशे अकरावा, दिलाच नव्हता. विचारले तर म्हणाली, तो देता येणार नाही. का, ते सांगेना.

मी घरी बसून तपास केला. फाईलवर वेळ होती सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. रस्ता उत्तर-दक्षिण जातो हे मला ठाऊक होते. सूर्याची दिवसभराची स्थाने सांगणारे एक पुस्तक माझ्याकडे आहे. ते उघडले, कोनमापक घेतला, आणि निघाले असे की त्या वेळी सावली पश्चिमेला पडायला हवी. चित्रातली गडद सावली तर पूर्वेला होती. म्हणजे फिकी सावली खोटी असेल हे सोडाच, गडद सावलीही खोटी. मी अकरा ओळींचा अहवाल लिहिला आणि समितीत वाचून दाखवला. तो रस्ता माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर होता. मी गेलो नाही. पुस्तकात सापडल्यावर रस्त्यावर कशाला जायचे, असा माझा एकंदर स्वभाव.

समितीचे अध्यक्ष तेव्हाही डॉक्टरच होते, दातांचे. अहवाल ऐकून ते म्हणाले, "दुसऱ्यांची चित्रं चौकटीत बसवता बसवता बाईंनी सावल्याही बसवल्या." सगळे हसले. मी हसलो नाही, पण माझ्या अहवालावर कोणी विनोद केला याचा मला थोडा आनंद झाला होता, हे खोटे नाही.

उद्घाटनाच्या सकाळी ती नेहमीप्रमाणे स्टुलावर चढून सगळ्यांची चित्रे टांगत होती. स्वतःचे तिने शेवटी लावले होते. डॉक्टरांनी मला कोपराने ढोसले. मी पुढे होऊन, तिच्याकडे न बघता, भिंतीकडे बघत सांगितले की समितीचा निर्णय असा असा झाला आहे. तिने स्टूल परत तिथे नेले, वर चढली, चित्र उतरवले, खिळा उपटला आणि भिंतीत राहिलेले भोक ओल्या कागदाच्या बोळ्याने बुजवले. मग मी प्रास्ताविक केले. शुद्धतेवर बोललो. उदाहरण म्हणून माझ्या लग्नाच्या फोटोचे दिले. तो माझ्या सासुरवाडीला पडून होता. मेव्हणा गेल्यावर बायकोकडे आला, आणि माझ्या निवृत्तीला तिने तो मोठा करून, फ्रेम करून मला दिला होता. मी म्हणालो, त्या गावठी फोटोग्राफरकडे ना संगणक होता ना युक्त्या, पण बघा, चाळीस वर्षांनीही आम्ही दोघे त्यातून थेट तुमच्या डोळ्यांत बघतो. फ्रेमवाली मागे भिंतीशी, हातोडी पिशवीत घालत उभी होती. माझे बोलणे पुरे होईपर्यंत थांबली.

दोन दिवसांनी पत्र आले. त्यानंतर मंडळाचे काम दुसऱ्या दुकानात गेले आणि सभासदांचे घरचे कामही हळूहळू तिकडेच. कोणी ठरवून केले नाही. तिचे नाव निघाले की कोणीतरी बोटांनी दोन सावल्या करून दाखवायचे.

या वर्षी मंडळाला पन्नास वर्षे झाली. मोठे पुस्तक निघणार होते, आणि प्रुफे अर्थातच माझ्याकडे आली. सोमवारी बासष्टाव्या पानावर ती ओळ समोर आली. तिचे पूर्ण नाव, दुकानाचे नाव, आणि पुढे: 'यांचे चित्र फेरफार सिद्ध झाल्याने बाद.' शुक्रवारी पुस्तक छपाईला जायचे होते. नंतर ते गावातल्या वाचनालयात, शाळांत, घरोघरी जाणार. बोटांनी दाखवलेली सावली विसरता येते, छापलेली ओळ राहते.

मला पहिला संशय आला तो डॉक्टरांचा. 'सिद्ध' हा शब्द माझा नव्हताच. मी 'संशयास्पद' असे लिहिले होते, मला पक्के आठवत होते. मजकूर डॉक्टरांनी तयार करून घेतला होता. शब्द बदलण्याची हौस त्यांनाच. माझ्या अंगात एकदम बळ आले. मी कपाटातून त्या वर्षीच्या इतिवृत्ताची वही काढली, त्यांच्या तोंडावर धरायला. वहीत 'सिद्ध' होते. अक्षर माझे. खाडाखोड नाही.

अकरा वर्षे मी स्वतःला एक चित्र दाखवत आलो होतो, त्यात मी जपून लिहिणारा माणूस होतो, आणि ते चित्र मी नंतर रंगवलेले निघाले. ज्याचे हे विसरले जाते त्याचे आणखी काय काय विसरले गेले असेल? अहवाल तरी खरा होता का? मंगळवारी दुपारी मी छापखान्याने दिलेले जुने मानपत्र पिशवीत घातले आणि वीस मिनिटे चालत गेलो. नुसते जाऊन उभे राहायची हिंमत नव्हती. गिऱ्हाईक म्हणून जाता येत होते.

दुकान तेच होते. बाहेर तीन मोठे आरसे भिंतीला टेकवून उन्हात ठेवले होते. तिचे केस पांढरे झाले होते आणि चष्मा लागला होता. तिने मला लगेच ओळखले. मला वाटले होते ओळखणार नाही, आणि तसे झाले तर बरे, असेही वाटले होते.

"या, काका," ती म्हणाली. "काय बसवायचंय?"

मी मानपत्र दिले. तिने ते गल्ल्यावर सपाट ठेवले, फडताळातून एक जुना कॅमेरा काढला आणि मानपत्राचा फोटो घेतला. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा क्रमांक एका चिकटपट्टीवर लिहिला, शेजारी आजची तारीख लिहिली आणि ती चिकटपट्टी बाजूला लावून ठेवली. मी विचारले, हे कशासाठी. ती म्हणाली, काम जसे आले तसे आधी टिपून ठेवायचे. नंतर गिऱ्हाईक म्हणते कोपरा तुम्हीच दुमडला, डाग तुम्हीच पाडला. चिकटपट्टी फ्रेमच्या पाठीवर जाते, म्हणजे भांडण निघालेच तर फोटो शोधायला बरा.

"सगळ्यांचंच करता?"

"सगळ्यांचं. कॅमेरा घेतला तेव्हापासून. त्यासाठीच घेतला, जुन्या बाजारातून. रस्त्यावरचे काढायचं खूळ मागाहून लागलं."

मी कॅमेरा बघायला मागितला. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ होती दहा वाजून पंचावन्न मिनिटे. भिंतीवरच्या घड्याळात चारला पाच कमी होते. मी म्हणालो, यातले घड्याळ चुकीचे आहे.

"पहिल्यापासूनच पाच तास मागे आहे. कोण लावत बसणार? वेळ बघायला भिंतीवर आहे की."

अकरा दहा म्हणजे चार दहा. माझे पुस्तक बरोबर होते, कोनमापक बरोबर होता, आकडा छापील होता, आणि छापील म्हणून मी तो खरा धरला होता. छापलेले चुकते हे ज्याने छत्तीस वर्षे पाहिले त्याने.

बाहेर तिने हाक मारून कोणाला तरी आरशांपासून लांब राहायला सांगितले. सरस वाळायला ते रोज दुपारी बाहेर काढते, असे म्हणाली. मी दारात आलो. समोरच्या गोदामाची भिंत बुटकी आहे. तिच्यावरून पश्चिमेचे ऊन रस्ता ओलांडून थेट आरशांवर येते. चार वाजून आठ-दहा मिनिटे होऊन गेली असतील, तेव्हा आरशांतून उजेडाचे तीन लांब पट्टे परत रस्त्यावर पडले. एक बाई भाजीची पिशवी घेऊन त्यातून गेली. तिला दोन सावल्या होत्या, पुढे चार पावलांवर एकच झाली. मी रस्त्यावर उतरून त्या जागी उभा राहिलो. माझ्याही दोन पडल्या. फिकी जरा वाकलेली दिसत होती.

परत आत आलो तेव्हा ती मानपत्राच्या कडा मोजत होती. मी म्हणालो, "ताई, ते पत्र…"

"राहू द्या," ती म्हणाली. "तोंडी नको. तोंडी तेव्हाही सगळे पुष्कळ बोलले. मी लिहून विचारलं होतं."

मी विचारले, निदान तो आधीचा फोटो आता तरी दाखवता येईल का. इतकी वर्षे झाली. तिने फूटपट्टी खाली ठेवली. "ज्यांनी काम दिलं त्यांनी कोणाला दाखवू नका म्हणून सांगितलं होतं. त्यांनी परत येऊन तसं काही सांगितलेलं नाही. गल्ल्यावर आलेलं दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायला लागले तर माझ्याकडे कोण येईल? तुमचा नियम तुम्हाला, माझा मला." मग म्हणाली, "चौकट काळी लावू की साधी लाकडी?"

मी साधी म्हणालो. परत येताना मला पुन्हा संशयाने घेरले, आणि या वेळी तो तिच्याविषयी नव्हता. 'ज्यांनी' असे ती म्हणाली होती, आणि म्हणताना माझ्याकडे न बघता मानपत्राकडे बघत होती, अगदी जसा मी तेव्हा भिंतीकडे बघत होतो.

माझ्या घरात तिच्या दुकानातल्या तीन फ्रेमा आहेत. मी घरात शिरलो आणि पिशवीही न ठेवता एकेक उलटी केली. मुलीच्या शाळेच्या फोटोमागे दोनशे सत्तर. आजोबांच्या जुन्या नकाशामागे सहाशे दोन. लग्नाच्या फोटोमागची चिकटपट्टी पिवळी पडली होती, पण शाई चांगली होती. चारशे अकरा.

मुलगी दवाखान्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी संपवून आली तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर तो फोटो पालथा घालून, भाजीच्या सुरीने मागचा खाकी कागद कापत होतो. ती दारातच थांबली. मी म्हणालो, तू काही बोलू नकोस, मला बघू दे. माउंटच्या मागे एक पातळ पाकीट होते. फ्रेमवाल्यांची ही रीत मला माहीत होती, मूळ प्रत हरवू नये म्हणून आतच ठेवतात. पाकिटात हाताच्या पंजाएवढा फोटो. माझी बायको थेट समोर बघते आहे, ओठ मिटलेले पण हसू दाबल्यासारखे. शेजारी मी, मुंडावळ्या बांधलेला, ताठ, आणि माझे डोळे मिटलेले.

"कळलं शेवटी," मुलगी म्हणाली आणि पर्स ठेवून समोर बसली.

"तुला माहीत होतं?"

"आईबरोबर मीच गेले होते. आई म्हणाली, आयुष्यात एक फोटो दोघांचा, त्यात हे झोपलेत. त्या बाईंनी डोळे उघडून दिले. तुमच्या प्रेसच्या ओळखपत्रावरचे आणून लावलेत. म्हणून तुम्ही लग्नातही प्रूफ तपासताय असं दिसतं."

मी मोठा फोटो सरळ केला. खरेच तसे दिसत होते. अकरा वर्षे रोज सकाळी मी त्या डोळ्यांना मान दिला होता. मी विचारले, मला का सांगितले नाही.

"आई म्हणाली, ह्यांना सांगितलं तर भिंतीवरून काढतील आणि वर भाषण देतील. भाषण तर तुम्ही दिलंतच. त्या दिवशी आईचा जीव खालीवर होत होता. बाईंना तिने शपथ घातली होती, म्हणून बाईंनी तोंड उघडलं नाही. आणि बाबा, तुम्ही त्यांचंच चित्र उतरवायला लावलंत."

"तुम्ही दोघींनी तेव्हा मला सांगायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं. आम्ही घाबरलो. तुम्ही एखाद्या गोष्टीचा अहवाल लिहिला की घरात कोणाची हिंमत होते?"

मला स्वतःला घाबरट समजायची इतकी सवय की मला कोणी घाबरत असेल हे कधी मनात आले नव्हते. बायको चार वर्षांपूर्वी गेली. तिला विचारायचे राहिलेल्या गोष्टींत ही एक वाढली.

एक गोष्ट मला आणखी छळत होती, आणि मी ती लपवून ठेवत नाही. मिटलेले डोळे उघडणारी बाई सावली घालू शकत होती. हे मला तेव्हा कळले असते तर मी अहवालात बारावी ओळ लिहिली असती आणि मोठ्या तोऱ्यात वाचली असती. ज्याला येते तो करतोच, असे धरून चालायची माझी पद्धत. पण तिला येत होते, आणि स्पर्धेत तिने केले नव्हते. गिऱ्हाइकाने सांगितले तिथे केले, नियमाने नको म्हटले तिथे नाही केले. मी दोन्हीकडे एकच चष्मा लावला होता. मुलीने पाकीट पुन्हा माउंटमागे सरकवले, मी कागद चिकटवला, आणि फोटो होता तिथे लागला.

बुधवारी मी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. दोन रोग्यांच्या मधल्या वेळात त्यांनी मला रोग्याच्याच खुर्चीवर बसवले, कारण दुसरी नव्हती, त्यामुळे मी सगळे आडवे पडून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, "अहो सेक्रेटरी, इतकं काय त्यात? ओळ काढून टाका. पुढची ओळ वर सरकेल. कोणाला कळणारसुद्धा नाही."

खरे सांगायचे तर सोमवारपासून मीही हेच करायचे मनात धरून होतो. एक ओळ गाळायची, पान पुन्हा जुळवायचे. छापखान्यातल्या माणसाला ते चहा पिता पिता जमते. पण डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर ते वेगळे ऐकू आले. मी म्हणालो, ज्यांनी तेव्हा बोटांनी सावल्या करून दाखवल्या त्यांना ओळ नसल्याने काय कळणार? आणि वही तर कपाटात आहेच. "काढायचं नाही, घालायचं नाही, असा आपलाच नियम आहे. ओळ राहू दे. तिच्या खाली माझ्या तीन ओळी येतील."

"म्हणजे पन्नास वर्षांच्या पुस्तकात आपणच छापायचं की समितीने मूर्खपणा केला? जुनी मढी उकरून काय मिळणार? लोक तुम्हाला हसतील."

"हसू देत."

त्यांनी हातमोजे काढले, धुतलेलेच हात परत धुतले. मंडळाने चूक केली असे कुठेही येता कामा नये, ही त्यांची अट. केली असेल तर चिटणिसाने केली. मी म्हणालो, चिटणिसानेच केली. त्यावर ते म्हणाले, मग काय ते तुमच्या नावावर जाऊ दे, आणि पुढच्या रोग्याला आत बोलावले. खुर्चीवरून उठताना मला त्यांच्याबद्दल वाटायला हवा होता तो राग आला नाही. विनोद त्यांनी केला होता. अहवाल मी लिहिला होता.

तीन ओळी लिहायला मला संध्याकाळ लागली. शेवटी राहिल्या त्या अशा: 'वरील नोंद चुकीची आहे. चित्रात कोणताही फेरफार नव्हता. प्रत्यक्ष जागेवर न जाता मी तसा अहवाल दिला. ती चूक माझी एकट्याची.' खाली माझे नाव आणि तेव्हाचे पद. दुरुस्त केलेले पान मी स्वतः छापखान्यात नेऊन दिले आणि त्याची एक प्रत मागून घेतली.

मग पत्र. तिने हो किंवा नाही, एवढेच मागितले होते. पहिल्या कागदावर मी 'नाही' लिहिले. छान दिसत होते. कागद बाजूला ठेवला, कारण ते खरे नव्हते; तिने प्रश्न विचारला त्या दिवशी उत्तर वेगळे होते, आणि आजचे उत्तर त्या दिवसावर चिकटवणे म्हणजे पुन्हा ओळखपत्रावरचे डोळे. दुसऱ्या कागदावर मी पानभर खुलासा लिहिला, बायकोविषयी, घड्याळाविषयी, माझ्या भित्रेपणाविषयी. वाचून पाहिला तर त्यात मीच मी होतो. तोही ठेवून दिला. तिसऱ्यावर लिहिले:

"ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर. तेव्हा: हो. ती माझी चूक होती. आज: नाही. आधीचा फोटो मी पाहिला आहे. तो तुम्ही मला दाखवला नाहीत. सोबत पुस्तकाचे पान जोडले आहे, ते शुक्रवारी असेच छापले जाईल."

हे वाचून तिला काय वाटेल, मला कळत नाही. कदाचित म्हणेल, फार उशीर केला. कदाचित मानपत्राची फ्रेम तयार आहे एवढाच निरोप पाठवील, आणि तिचे बरोबरच असेल.

आमच्या कोपऱ्यावरच्या टपालपेटीवर माझा विश्वास नाही. ती कधी उघडताना मी पाहिलेली नाही. म्हणून गुरुवारी सकाळी मोठ्या पोस्टात गेलो आणि रांगेत उभा राहिलो. माझ्या मागे दोघे होते, त्यांना मी पुढे जाऊ दिले असते तर आणखी दोघे आले असते. खिडकीतल्या कारकुनाने पाकीट तोलले, पत्ता वाचला आणि म्हणाला, हे तर इथे जवळच, चालत नेऊन दिले असते तरी चालले असते. मी म्हणालो, नाही, टपालानेच जायला हवे. त्याने शिक्का मारला, पावती दिली आणि पाकीट मागच्या पेटीत टाकले. परत मागून घेता येईल इतक्या अंतरावर ते थोडा वेळ दिसत राहिले. मग त्याच्यावर दुसरी पाकिटे पडली.